"करू द्या" मधला "आम्हाला" कुठं गेला?

२०२३ च्या डिसेंबरमधली गोष्ट, ८ तारखेला कांद्याची निर्यातबंदी लागू झाली आणि त्या संध्याकाळी मामाचा फोन आला. मामा नाशिक जिल्ह्यातला, घरचा कांदा, आणि डिसेंबर म्हणजे लाल कांद्याचे दिवस. लाल कांदा उन्हाळ कांद्यासारखा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या छपरात, टिकत नाही, काढला की आठ-पंधरा दिवसात विकायलाच लागतो, त्यामुळे बंदी उठेपर्यंत थांबू वगैरे प्रश्नच येत नाही. मी आपलं उगाच विचारलं, सरकारनं काय करायला पाहिजे मग? तर म्हणाला, "काही करू नका रे बाबा. द्यायचं पण नको न घ्यायचं पण नको. आमचं आम्हाला करू द्या."

मला हसूच आलं, कारण साडेतीनशे वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या एका व्यापाऱ्यानं तिथल्या मंत्र्याला शब्दशः हेच सुनावलं होतं असं सांगतात, आणि त्याच्यातून तो जगप्रसिद्ध शब्द निघाला, लेसे-फेअर. अकरावी-बारावीच्या पुस्तकात आपण त्याला निर्हस्तक्षेपाचं धोरण म्हणून पाठ केलंय, म्हणजे सरकारनं बाजारात हात घालायचा नाही, चार मार्कांची टीप असायची. निर्हस्तक्षेप हा शब्द आयुष्यात कुणी तोंडानं उच्चारला असेल असं मला वाटत नाही, पण फ्रेंचमध्ये हे प्रकरण इतकं जड नाहीये. लेसे म्हणजे द्या, सोडा, आणि फेर म्हणजे करणे. झालं. करू द्या. आणि ते "दे" नाही, आदरार्थी "द्या" आहे, म्हणजे समोर कोणीतरी मोठा माणूस बसलाय आणि त्याला विनंतीवजा ठणकावलं जातंय. आपल्याकडं बरेच जण त्यातलं फेअर हे इंग्रजीतलं फेअर समजतात, फेअर म्हणजे न्याय्य, मग लेसे-फेअर म्हणजे काहीतरी न्यायाचा बाजार. तसं काही नाही. न्यायाचा आणि या शब्दाचा काडीचाही संबंध नाही, आणि पुढचा इतिहास बघितला तर तेच खरं वाटायला लागतं.

गोष्ट अशी. चौदाव्या लुईचा अर्थमंत्री कोल्बेर हा भयंकर कामसू माणूस. फ्रान्सचा माल युरोपात एक नंबर व्हायला पाहिजे म्हणून यानं प्रत्येक गोष्टीचे नियम काढले. कापड किती रुंद पाहिजे, ताण्यात धागे किती पाहिजेत, रंग कुठला वापरायचा, सगळं वरून ठरणार आणि तपासायला इन्स्पेक्टर. १६७० चा एक हुकूम तर असा होता की हलका माल सापडला तर तो भर चौकात नऊ फुटी खांबाला टांगायचा, विणणाऱ्याच्या नाहीतर विकणाऱ्याच्या नावाची पाटी लावून, आणि तिसऱ्यांदा सापडला तर मालाबरोबर त्या माणसालाच दोन तास बांधायचं! आता कल्पना करा, रुआँ शहरातल्या लेजाँद्र नावाच्या व्यापाऱ्याला आणि बाकीच्यांना १६८० च्या आसपास हाच मंत्री विचारतोय की बोला, व्यापारासाठी मी काय करू तुमच्यासाठी? त्यावर लेजाँद्रचं उत्तर, "लेसे-नू फेर". आम्हाला करू द्या.

आता हे खरंच घडलं का? किस्सा छापून आला तो १७५१ साली एका फ्रेंच मासिकात, म्हणजे सत्तरेक वर्षांनी, त्यामुळे चिमूटभर मीठ टाकूनच घ्यायचा. पण माझं सगळं लक्ष त्यातल्या "नू" वर आहे. नू म्हणजे आम्हाला. वाक्य तीन शब्दांचं आहे आणि त्यातला मधला शब्द पुढच्या पन्नास-साठ वर्षांत गळून पडला.

गळला कसा तेही बघण्यासारखं आहे. व्हँसाँ द गूर्ने नावाचा माणूस, आधी स्पेनच्या कादिझ बंदरात बरीच वर्षं व्यापार केलेला, नंतर सरकारात व्यापारखात्याचा मोठा अधिकारी झाला. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेला. त्याच्या नावावर "लेसे फेर, लेसे पासे" ही जोडघोषणा आहे, करू द्या, जाऊ द्या, म्हणजे माल बनवू द्या आणि एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जाऊ द्या, कारण तेव्हा फ्रान्समध्ये गावोगाव जकातनाके होते. (ब्युरोक्रसी हा शब्दही याच गड्याच्या नावावर आहे, ब्युरो म्हणजे लिहायचं टेबल आणि टेबलाचं राज्य म्हणजे ब्युरोक्रसी. एकाच माणसानं रोगाचंही नाव ठेवलं आणि औषधाचंही, मानलं पाहिजे.) तर या जोडघोषणेत "आम्हाला" नाही. आधी एका विणकर-व्यापारी मंडळीनं आपल्यापुरतं मागितलेलं होतं, आता ते सगळ्यांसाठीचं तत्त्व झालं. ऐकायला हे मोठं आणि उदार वाटतं. पण "आम्हाला" गेला की बोलणारा कोण तेच कळेनासं होतं, आणि मग तेच वाक्य कुणीही बोलू शकतो, ज्याला ते सुनावलं होतं तो मंत्रीसुद्धा.

माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते इथंच सांगून टाकतो. करू द्या हे ज्याचे हात राबतायत त्यानं सत्तेला म्हणायचं वाक्य आहे. सत्तेनं ते स्वतःच्या तोंडात घेतलं की त्याचा अर्थ उलटा होतो, मग ते "जाऊ द्या" होतं, आपल्या मराठीतलं जाऊ द्या, म्हणजे सोडा हो, मरू दे, आपल्याला काय त्याचं. मोकळं सोडणं आणि वाऱ्यावर सोडणं यातला फरक आपल्या आज्यांना पण कळतो, तो अर्थशास्त्र्यांना आणि सरकारांना का कळू नये?

सुरुवातीच्या फ्रेंच मंडळींना तो कळत होता हे आवर्जून सांगायला पाहिजे, नाहीतर मी त्यांच्यावर अन्याय करतोय असं होईल. गूर्नेचा चेला त्युर्गो, हा तर खुल्या व्यापाराचा कट्टर. १७७४ ला अर्थमंत्री झाला आणि पहिल्या काही आठवड्यातच धान्याच्या व्यापारावरची बंधनं उठवली. नेमकं त्या वर्षी पीक कमी, भाव भडकले, १७७५ च्या एप्रिल-मेमध्ये पॅरिसच्या आजूबाजूला लोकांनी धान्याच्या गाड्या आणि बेकऱ्या लुटल्या, त्याला पिठाचं युद्ध म्हणतात. त्युर्गोनं सैन्य लावलं, दोघांना पॅरिसच्या चौकात फाशीही झाली. म्हणजे हा संत होता असं अजिबात नाही. पण हाच माणूस आधी लिमोझ भागाचा अधिकारी असताना १७७० च्या आसपास तिथं दुष्काळ पडला तेव्हा यानं धान्याचा व्यापार तर खुला ठेवलाच, पण सोबत लोकांना कामं काढली, रस्त्याची, सूतकताईची, आणि जमीनदारांना सांगितलं की तुमच्या कुळांना असं हाकलायचं नाही, सांभाळायचं. व्यापाऱ्याला करू द्या आणि ज्याच्या खिशात पैसाच नाही त्याच्या खिशात पैसा घाला, दोन्ही एकाच वेळी. बाजार मोकळा ठेवायचा तर गिऱ्हाईक जिवंत असावं लागतं एवढी साधी गोष्ट.

मग हा शब्द इंग्लिश खाडी ओलांडून इंग्लंडात गेला आणि तिथं त्याचा पार कर्मठ धर्म झाला. गंमत म्हणजे ज्याच्या नावावर हे सगळं खपवतात त्या अ‍ॅडम स्मिथनं १७७६ च्या आपल्या जाडजूड ग्रंथात लेसे-फेअर हा शब्द एकदाही वापरलेला नाही. त्यानं एक मात्र लिहून ठेवलं, की टंचाई निसर्गानं येते पण उपासमार होते ती सरकार भलत्या उपायांनी त्यात हात घालतं म्हणून. हे वाक्य ज्यांनी घोकलं ते पुढं कलेक्टर आणि गव्हर्नर झाले. ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलीबरी कॉलेजात पोरांना अर्थशास्त्र शिकवायला खुद्द माल्थस होता, तोच लोकसंख्येच्या सिद्धांतवाला, तिथं शिकलेला ट्रेव्हेलियन आयर्लंडच्या बटाटा-दुष्काळात लंडनच्या खजिन्यावर बसला होता, दहा लाख माणसं मेली, दहा लाखांच्या वर देश सोडून गेली, आणि त्या काळात आयर्लंडमधून धान्य बाहेर जातच होतं. तोच साहेब पुढं मद्रासचा गव्हर्नर आणि मग हिंदुस्थानचा अर्थसदस्य, म्हणजे इथल्या सरकारचा अर्थमंत्रीच. त्याच्या आधीचा अर्थसदस्यांपैकी पहिला, जेम्स विल्सन, ज्यानं १८६० ला आपल्याला इन्कम टॅक्स दिला, तो खुल्या व्यापाराच्या प्रचारासाठी १८४३ ला इकॉनॉमिस्ट हे साप्ताहिक काढणारा. म्हणजे करू द्या म्हणत आला आणि टॅक्स लावून गेला, बिचारा वर्षभरात कलकत्त्यातच वारला ते सोडा.

आणि मग आपल्याकडचे दुष्काळ. १८६५ ला ओडिशात भात बुडालं, १८६६ ला अधिकाऱ्यांनी पुरीला तांदूळ मागवा म्हणून कळवलं तर वरून तारेनं उत्तर आलं की सरकार तांदूळ आणणार नाही, बाजाराला परवडलं तर तांदूळ आपोआप पुरीला येईल, सरकारनं मध्ये पडून नुकसानच होईल. तांदूळ काही आपोआप आला नाही. आठवण झाली तोवर पावसाळा लागला, बोटी लागेनात, आणि सुमारे दहा लाख माणसं गेली.

त्याची लाज वाटून असेल, १८७३-७४ ला बिहारमध्ये रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्यानं ब्रह्मदेशातून जहाजं भरभरून तांदूळ आणला, कामं काढली, फुकट शिधाही दिला आणि माणसं फारशी मेलीच नाहीत. म्हणजे जमतं! इथं कोणी म्हणू नये की तेव्हा साधनंच नव्हती. पण शाबासकी मिळण्याऐवजी त्याला बोलणी बसली की उधळपट्टी केलीस. टेंपलनं कानाला खडा लावला. दोन-अडीच वर्षांत दख्खन आणि मद्रासचा मोठा दुष्काळ आला, १८७६ ते ७८, नगर, सोलापूर, पुणे, सातारा, विजापूर सगळा पट्टा होरपळला, आणि व्हाईसरॉय लिटननं पाहणीला कोणाला पाठवलं तर याच टेंपलला, या वेळी हात आवरून. त्यानं ठरवलेली मजुरी टेंपल वेज म्हणून बदनाम आहे, दिवसभर खडी फोडणाऱ्या गड्याला एक पौंड धान्य आणि एक आणा. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. कच्चं ज्वारीचं पीठ तेवढं तराजूत घालून बघा एकदा घरी, चार-पाच भाकरी होतात, आणि मग दहा तास घण मारायची कल्पना करा. मद्रासचा सरकारी डॉक्टर कॉर्निश ओरडून सांगत होता की एवढ्यावर माणूस काम करत जगू शकत नाही. आपल्याकडं मजुरांनी या अटींवर काम करायचं नाकारलं, पुण्याच्या सार्वजनिक सभेनं, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, ज्यांना सगळे सार्वजनिक काका म्हणतात, त्यांनी आणि न्यायमूर्ती रानड्यांसारख्या मंडळींनी गावोगाव माणसं पाठवून हकिगती गोळा केल्या आणि सरकारकडं अर्जांवर अर्ज केले. त्याच दिवसांत, १ जानेवारी १८७७ ला, दिल्लीत राणीला सम्राज्ञी जाहीर करायचा दरबार चालू होता. काका तिथं हातमागाच्या खादीच्या कपड्यात गेले होते.

लिटनचा त्या वर्षीचा हुकूम असा होता की धान्याचे भाव उतरवायच्या हेतूनं सरकारनं कुठल्याही प्रकारे मध्ये पडायचं नाही. लेसे-फेअर, एकदम शुद्ध तुपातलं. रेल्वे होती, पण रेल्वे भूक जिकडं जास्त तिकडं धावत नाही, भाव जिकडं जास्त तिकडं धावते, आणि गहू बंदरांकडं जाऊन विलायतेला निर्यात होत राहिला. ब्रिटिश मुलुखात मेलेल्यांचा नेहमी दिला जाणारा आकडा ५५ लाखांच्या आसपास आहे.

पण माझा खरा राग यावर नाहीये, किंवा एकट्या यावर नाहीये. समजा एखाद्यानं तत्त्व म्हणून सगळीकडून हात काढला तर निदान त्याला प्रामाणिक तरी म्हणता येईल. इथं शेतसारा वसूल करणारा हात होताच की. सारा माफ करायची वेळ आली की तोच हात आखडता. जंगलखात्याचा हात होता, मिठावरचा कर होता, पुढं १८७८ ला दुष्काळाच्या नावानं लायसन टॅक्स बसवला आणि तो पैसा अफगाण युद्धाकडं वळवला म्हणून बोंब झाली. म्हणजे घेताना सरकार जागेवर हजर आणि द्यायची वेळ आली की अर्थशास्त्राचे नियम आडवे. याला अर्धं लेसे-फेअर म्हणा. मला वाटतं जगात दुसरा प्रकार फारसा नसतोच. रानड्यांनी १८९२ ला डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थकारणावर जे व्याख्यान दिलं त्यात त्यांनी हेच शांतपणे मांडलं होतं, की हे इंग्लंडातले नियम काही गुरुत्वाकर्षणासारखे सगळीकडं लागू नसतात, देशकाल बघायला लागतो. रानडे फार सभ्य माणूस, मी असतो तर एवढ्या शांतपणे नसतं जमलं.

याच्या शेजारी १९७२ चा दुष्काळ ठेवा. तोच पट्टा, तशीच करपलेली शेतं, आणि परत खडीच. माझी आजी तेव्हा खडी फोडायला जायची, सुकडी, म्हणजे दुष्काळात वाटायचं ते कोरडं पौष्टिक खाणं, मिळायची, अमेरिकेतली लाल मिलो ज्वारी मिळायची जिच्या भाकरीला ती मरेपर्यंत नावं ठेवत होती. "ढोरं पण खायची नाहीत" म्हणायची. पण खाल्ली, आणि घरातलं कोणी भुकेनं गेलं नाही. पुढं त्यातूनच रोजगार हमीचा कायदा आला, १९७७ ला, त्यासाठी शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जायला लागला तो आजही कापला जातोच आहे, पगाराच्या स्लिपवर बघा. घण तोच होता, पण १८७७ ला तो माणसाची परीक्षा घ्यायला दिला होता आणि १९७२ ला जगवायला.

आता कोणी म्हणेल, ठरलं तर मग, सरकारनं हात घालायलाच पाहिजे, मामाचंच चुकतंय. तर नाही, घोडं इथंच पेंड खातं. मामा लेजाँद्र आहे, लिटन नाही. त्याचे हात राबतायत आणि तो समोरच्या सत्तेला सांगतोय की मध्ये येऊ नका. कांद्याच्या बाबतीत काय होतं बघा. २०२३ च्या फेब्रुवारीत सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्यानं ५१२ किलो कांदा विकला, भाव लागला किलोला रुपया, हमाली, तोलाई, गाडीभाडं कापून हातात २ रुपयांचा चेक आला, पेपरात सगळ्यांनी फोटो बघितला असेल. तेव्हा आपण शहरातली माणसं काय म्हणालो? अरेरे, पण बाजार आहे शेवटी, मागणी-पुरवठा. तेच त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये भाव चढायला लागले तर लगेच १९ तारखेला ४० टक्के निर्यातशुल्क, मग डिसेंबरात सरळ बंदी, ती उठली ४ मे २०२४ ला, तीही शुल्क आणि किमान निर्यातमूल्याचं (म्हणजे याहून स्वस्त बाहेर विकायचं नाही) शेपूट ठेवून, आणि ते शुल्क पुरतं गेलं २०२५ च्या १ एप्रिलला. म्हणजे भाव पडला की लेसे-फेअर आणि भाव चढला की कोल्बेर. परत अर्धंच, फक्त अर्धं कुणाच्या वाट्याला येतं ते बदललंय. गिऱ्हाइकाची काळजी करू नका असं मी म्हणत नाहीये, गरिबाच्या ताटातला कांदा पण महत्त्वाचाच, पण त्याची किंमत सरकारनं रेशनवर तिजोरीतून भरावी, मामाच्या खळ्यावरून का?

आणि व्यापारी-कारखानदार मंडळींनीही फार टाळ्या वाजवू नयेत. त्यांचं "आम्हाला करू द्या" पण सोयीचंच असतं. १९४४ ला टाटा-बिर्लांसकट मोठ्या उद्योगपतींनी बॉम्बे प्लॅन, म्हणजे स्वतंत्र भारताच्या अर्थव्यवस्थेचा आराखडा, काढला तेव्हा ते सरकारकडं योजना आणि संरक्षण मागत होते, कारण परदेशी मालाची भीती होती, आणि २००८ ला अमेरिकेतल्या बँका बुडायला लागल्या तेव्हा बाजाराला त्याचं काम करू द्या म्हणणारेच सरकारच्या दारात उभे होते. लेजाँद्रही कोल्बेरला असं म्हणाला नसेल की परदेशी कापडावरची जकात पण काढा हं.

हे सगळं मी परवा मामाला सांगत होतो, म्हणजे थोडक्यात, कारण तो चाळीत होता. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, कापडाच्या खांबाचा किस्सा त्याला फार आवडला. मग मी म्हटलं, मामा, पण तू आता भाव पडलाय तर सरकारी खरेदी पाहिजे म्हणून मोर्चाला गेलेलास ना, मग "द्यायचं पण नको" चं काय झालं, तू पण अर्धाच की.

"हे बघ," तो म्हणाला, "पाच महिने माझ्या पायाला दोरी बांधली. तेवढ्यात बाहेरची गिऱ्हाइकं दुसरीकडं गेली, पाकिस्तानचा घ्यायला लागली, चीनचा घ्यायला लागली. आता दोरी सोडली आणि म्हणतात पळ. पळतो की. पण आधी त्या पाच महिन्यांचं बोला."

मी गप्प. मग तोच म्हणाला, थांब जरा, गाडीवाला आलाय, पन्नास गोण्या भरायच्यात, आणि फोन ठेवला.